बटण बंद, तरी पाणी गरम

घरातली यंत्रं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही लष्करात दौलतगंजला जुन्या वाड्यात राहतो. दोघंच असतो. मी सदुसष्ट वर्षांची, हे चौऱ्याहत्तरचे. मुलगा पुण्याला. न्हाणीघरात २५ लिटरचा विजेचा गीझर आहे, मुलाच्या लग्नात २००६ साली घेतलेला. इतकी वर्षं त्याची कधी तक्रार नव्हती. गेल्या दिवाळीच्या आधी न्हाणीघराची फरशी बदलली. तेव्हा जुने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातले आणि बटणांचा बोर्ड या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. तेव्हापासून हा गीझर मनाला येईल तेव्हा चालतो. रात्री झोपताना मी स्वतः बटण बंद करते, तरी पहाटे तोटी सोडली की पाणी गरम. कडकडीत नाही, पण अंघोळ होईल एवढं. बटण बंद असताना लाल दिवा मिणमिणताना मी दोनदा पाहिलाय. संध्याकाळी लावला की आतून भात शिजल्यासारखी खळखळ येते. कधी कधी ओल्या हाताने तोटी धरली की बारीक झिणझिण्या येतात. हे म्हणतात, थंडीने होत असेल. मिस्त्रीला बोलावलं तर झाकण उघडून बघून म्हणाला, “आंटीजी, पुराना माल है, पानी गरम मिल रहा है ना?” आणि दोनशे रुपये घेऊन गेला. गीझर बदलावा, की दुरुस्त होईल?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, पुढचं वाचण्याआधी उठा आणि मीटरजवळच्या बोर्डावरचा गीझरचा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा खटका) खाली करा. गीझरला वेगळा एमसीबी नसेल तर त्याचा प्लग उपसा. प्लग नसून तारा थेट जोडलेल्या असतील, तर वायरमन येऊन त्या सोडवीपर्यंत न्हाणीघरातल्या तोट्यांना हात लावू नका. चार दिवस पाणी गॅसवर तापवा. बादलीत रॉड टाकून तापवू नका, कारण त्या न्हाणीघरातल्या अर्थिंगवर आता माझा विश्वास नाही.

तुम्ही झिणझिण्यांचं अगदी शेवटी लिहिलंत. मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं. यजमानांना सांगा, हे थंडीने होत नाही. तोटीत वीज उतरते आहे. पाइप प्लास्टिकचे असल्यामुळे ती टाकीपासून तुमच्या हातापर्यंत फक्त पाण्यातून येते आणि पाणी तिला पुष्कळ अडवतं. म्हणून आज फक्त झिणझिण्या आहेत. पण ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून गीझरच्या पत्र्याला किंवा त्याच्या खालच्या धातूच्या नळीला हात लागला, तर काय होईल ते मला इथे लिहवत नाही. मी चौतीस वर्षं वीज खात्यात काढली. त्यात न्हाणीघरातले अपघात पाहिले आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरांत आधी कितीतरी दिवस कुणीतरी “जरा झिणझिण्या येतात” म्हणत होतं.

आता हे होतं कसं ते सांगतो. नीट समजलं म्हणजे पुढच्या मिस्त्रीला तुम्ही नेमकं काम सांगू शकाल.

गीझरच्या आत तांब्याची एक वाकवलेली नळी असते, तिला एलिमेंट म्हणतात. नळीच्या मधोमध तापणारी तार आणि तारेभोवती पांढरी भुकटी ठासून भरलेली. ती भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. तुमच्या बोअरिंगच्या पाण्यातला क्षार वर्षानुवर्षं या नळीवर बसत गेला. (बोअरिंगचं पाणी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती खळखळ सांगते. क्षाराच्या थराखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळतं, तोच भात शिजल्याचा आवाज.) थर जाड झाला की नळीची उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी गरजेपेक्षा जास्त तापते आणि कुठेतरी केसाएवढी तडकते. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि तारेतली वीज टाकीच्या पाण्यात उतरते.

ही चीर कदाचित दोन-तीन वर्षांची जुनी असेल. मग त्रास दिवाळीपासूनच का? कारण दिवाळीला तुमच्या घरात दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही तुम्ही नकळत लिहून ठेवल्या आहेत.

पहिली म्हणजे बोर्ड हलवला. तारा पुन्हा जोडताना फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांची अदलाबदल झाली असं दिसतं. साधं बटण एकच तार तोडतं. ती फेजची असायला हवी. न्यूट्रल तोडली तर बटण बंद केल्यावर गीझर बंद झालासा वाटतो, पण एलिमेंटमध्ये २३० व्होल्ट उभे असतात. ती वीज परतीची वाट शोधत राहते आणि चिरेतून टाकीत, टाकीतून जमिनीत जाते. जाता जाता पाणी तापवते. थर्मोस्टॅटही अशा वेळी काही करू शकत नाही, कारण तोही आता चुकीच्या तारेवर बसलेला आहे. तुम्ही पाहिलेला मिणमिणता दिवा याचाच. त्याला पुरता दाब मिळत नाही, पण थोडा मिळतो.

दुसरी गोष्ट लोखंडी पाइप. वाड्यांमधली जुनी वायरिंग मी आतून पाहिलेली आहे. अर्थिंगची वेगळी तार फार थोड्या ठिकाणी सापडते. बहुतेक ठिकाणी नळाचा लोखंडी पाइप जमिनीत जातो, त्यालाच तार गुंडाळलेली असते, किंवा तीही नसते आणि पाइपच आपसूक अर्थिंगचं काम करत असतो. तुमच्या घरात तो पाइप निघाला, तिथे प्लास्टिक आलं आणि विजेची वाट बंद झाली. कामगारांना हे कुणी सांगितलं नसणार, त्यांनी नळाचं काम नळाचं म्हणून केलं. पण अर्थिंग धड असतं तर एमसीबी तरी पडला असता, नाहीतर रात्रभरात पाणी उकळून वाफ झाली असती. तुम्हाला पहाटे फक्त अंघोळीपुरतं गरम सापडतं, म्हणजे वीज जमिनीत जाते आहे पण अडखळत. ती अडखळते म्हणूनच टाकी आणि तोटी जिवंत राहतात.

आमच्या घरी बंब होता. तांब्याचा, मधोमध नळकांडं, खाली जाळीत लाकडाच्या ढलप्या. दिवाळीच्या आधी आई तो चिंचेने घासायची आणि नरकचतुर्दशीला पहाटे त्यातूनच घंगाळात पाणी निघायचं. त्यात आपोआप चालणारं काहीच नव्हतं. विस्तव विझला की बंब विझला, आणि वर नुसतं झाकण असल्यामुळे वाफ कोंडायची नाही. गीझर बंद टाकीचा असतो, म्हणून त्यात चार गोष्टी आपोआप चालाव्या लागतात : पाणी तापलं की तोडणारा थर्मोस्टॅट, तो बिघडला तर तोडणारा कटआउट, दाब वाढला तर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, आणि वीज गळाली तर क्षणात पुरवठा तोडणारा आरसीसीबी. आपण ग्वाल्हेरवाले तिघरा धरणाचं पाणी पितो. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे आधी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसले आणि नंतर आपल्या तिघऱ्यालाही. पूर आला की माणसाने धावत जाऊन चाक फिरवावं लागू नये, ही त्यामागची कल्पना. गीझरमधला तो बोटभर व्हॉल्व्ह त्याच जातीचा आहे. तेव्हा तुमचा गीझर आपोआप चालतो ही माझी तक्रार नाही. जे आपोआप चालायला हवं ते थांबलं आहे, आणि जे चालायला नको ते चालू आहे.

आता वायरमनला काय सांगायचं. मिस्त्री नव्हे, परवाना असलेला वायरमन बोलवा आणि त्याच्याकडे मीटर आणि मेगर (वीज कुठे गळते का ते तपासण्याचं यंत्र) आहे का ते फोनवरच विचारा. नुसता टेस्टर खिशात घालून येणारा नको. आल्यावर त्याने आधी गीझरच्या बटणावर फेज कुठल्या तारेत आहे ते पाहावं. मग एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवून एलिमेंट आणि टाकीचा पत्रा यांच्यामध्ये मेगर लावावा. काटा शून्याकडे गेला तर चीर पक्की. तिसरं अर्थिंग. अंगणात नवा अर्थिंग खड्डा करून घ्या, तिथून हिरवी तार न्हाणीघरापर्यंत आणा. वाड्याच्या अंगणात जागा आहे, हे तुमचं भाग्य. फ्लॅटमधल्या लोकांना यासाठी अख्ख्या सोसायटीशी भांडावं लागतं. आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एवढी वीज गळाली की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. गीझरचं बटण दोन्ही तारा एकदम तोडणारं डबल पोल घ्या, म्हणजे उद्या कुणी पुन्हा तारा उलट्या जोडल्या तरी बंद म्हणजे बंदच.

एमसीबी आहे मग आरसीसीबी कशाला, असं दुकानदार म्हणेल. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नसतो. तुमच्या तोटीत उतरणारी वीज त्याला दिसतसुद्धा नाही.

बदलावा की दुरुस्त करावा? बदला. एलिमेंट नवा घालता येतो आणि काम स्वस्तात होतं, हे खरं. पण २००६ ची टाकी आहे. क्षाराच्या पाण्यात आतली मॅग्नेशियमची कांडी, जी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते, ती केव्हाच संपली असेल. ती कधी बदलली होती का, हे तुम्हाला आठवत नसेल तर बदललेली नाही. आतून गंजलेल्या टाकीत नवा एलिमेंट घालणं मला पटत नाही. दोघांसाठी २५ लिटरचीही गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे टाकीतलं पाणी १५ अंशांच्या आसपास येतं. १५ लिटर पाणी तिथून ६० अंशांपर्यंत न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला साधारण २५ मिनिटं लागतात, २५ लिटरला ४० मिनिटं. ६० अंशांच्या १५ लिटरात गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं सुमारे २७ लिटर होतं. एकाची अंघोळ झाली की दुसऱ्याचं तापत ठेवायचं. घेताना थर्मोस्टॅट ६० च्या वर ठेवू नका असं बजावा. ७० अंशांचं पाणी सेकंदभरात भाजतं, आणि चौऱ्याहत्तरच्या माणसाचा हात तितक्या लवकर मागे येत नाही.

नव्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकेल. ठिबकू द्या. तापलेलं पाणी फुगतं. २५ लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ ४०० मिलिलिटर जास्त जागा मागतं, १५ लिटर असेल तर साधारण पाव लिटर. ते कुठेतरी जायलाच हवं. एक प्रसंग अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुरारला एका घरी मी मीटर तपासायला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी गीझर फुटला होता. न्हाणीघराचं दार बिजागरीसकट अंगणात पडलेलं आणि गीझरचा पत्रा समोरच्या भिंतीला चिकटल्यासारखा वाकलेला. व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात लाकडाचं बूच चिंधी गुंडाळून ठोकलं होतं. मी ते बूच हातात घेतलं, अंगठ्याएवढं होतं. त्यातच थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउट आधीच कुणी काढून तार सरळ जोडून दिलेली. घरातली सून दोन मिनिटांपूर्वी मुलाला घेऊन बाहेर आली होती. ताई, तुमच्या घरी कुणी मिस्त्री “ये टपक रहा है, बंद कर देता हूँ” म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. वाईट दिसलं तरी चालेल.

विजेचं बिल वाढलं असेल तर त्याचं कारणही बहुतेक हीच गळती आहे. पण नवा गीझर बसल्यावर एक रात्र गरम पाण्याच्या तोटीखाली वाटी ठेवून बघा. सकाळी वाटी भरलेली असेल तर तोटीचा वायसर गेलाय. तिथून गरम पाणी झिरपतं, टाकीत गार येतं आणि बटण चालू राहिलं असेल तर गीझर पुन्हा पुन्हा चालतो. लोक म्हणतात गीझर बिघडला, बिघडलेली असते तोटी.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. भाड्याच्या जुन्या घरात गॅसवर चालणारा बॉयलर आहे, तोच नळाचं पाणी तापवतो आणि तोच खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर. घरमालक म्हणतो बॉयलर पंधरा वर्षांचा आहे. जूनमध्ये हीटिंग बंद करून ठेवलेलं, तरी रात्री अचानक गुरगुर सुरू होते. ती एकटी राहते, घाबरते. मी इथून काय सांगू?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, आपल्याकडे असा बॉयलर घरोघरी नसतो, म्हणून काळजी वाटणं साहजिक आहे. मुलीला आधी एवढंच विचारा : गुरगुर होते तेव्हा रेडिएटर गरम होतात की गारच राहतात?

गार राहत असतील आणि आवाज थोड्या वेळात थांबत असेल, तर बहुधा बिघाड नाही. पुष्कळ बॉयलर दिवसातून एकदा पंप थोडा वेळ आपणहून फिरवतात, महिनोन्‌महिने बंद राहून तो अडकू नये म्हणून. काही बॉयलर तोटी सोडताच गरम पाणी मिळावं म्हणून आतलं थोडं पाणी अधूनमधून तापवून ठेवतात. ही सोय बहुतेकांत बंद करता येते. हिवाळ्यात आणखी एक कारण असतं. बॉयलरजवळचं तापमान ५ अंशांच्या आसपास आलं की आतलं पाणी गोठू नये म्हणून तो स्वतः पेटतो. तेव्हा त्याची वीज बंद करून ठेवू नये.

पण जूनच्या रात्री रेडिएटर हाताला गरम लागत असतील, तर कुणीतरी बॉयलरला “पेट” असं सांगतं आहे. ते भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमधलं चिकटलेलं रिले असेल, घड्याळात राहून गेलेली वेळ असेल, किंवा जुन्या घरांत फार वेळा सापडणारा मोटरचा व्हॉल्व्ह, जो उघडा अडकला की त्याच्यातलं बारीक बटण दाबलेलंच राहतं आणि बॉयलरला पेटण्याचा हुकूम जात राहतो. बॅटरीवर चालणारा थर्मोस्टॅट असेल तर बॅटरी बदलणं आणि वेळा तपासणं एवढं मुलीने करावं. बॉयलरचं झाकण तिने उघडू नये, आणि ओळखीच्या कुणा हुशार मुलालाही उघडू देऊ नये. तिथे गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असावंच लागतं. २००९ पासून ही नोंदणी आहे, आणि माणसाचं ओळखपत्र मागून बघण्याचा तिला हक्क आहे. भाड्याच्या घरातल्या गॅसची दर वर्षी अशा माणसाकडून तपासणी करून घेणं आणि त्याची प्रत भाडेकरूला देणं कायद्याने घरमालकावर आहे. दोन वर्षांत तिला असा कागद मिळाला नसेल, तर तिने तो लेखी मागावा. भीड धरू नये.

खरी भीती आवाजाची नाही, धुराची आहे. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. बॉयलरच्या आसपास काजळीचे डाग दिसले किंवा ज्योत निळी असायची ती पिवळी दिसली, तर तो बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि ०८०० १११ ९९९ या तिथल्या गॅसच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत या वायूचा अलार्म लावून देणं घरमालकावर बंधनकारक आहे.

हेच मी इंदुरातल्या गॅस गीझरवाल्यांनाही सांगतो. थंडीत दार-खिडकी लावून, झरोक्यात कागद कोंबून, आत गॅस गीझर लावून अंघोळ करणारी घरं मी पाहिली आहेत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा, गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्या.

आज रात्री मुलीशी बोलाल तेव्हा तिला त्या अलार्मचं टेस्ट बटण दाबायला सांगा, आणि फोन चालूच ठेवा. तो इथपर्यंत ऐकू यायला हवा.